तिसरी तार आणि टेंभुर्णीची डीपी

बद्री,

तू गेलास त्या दिवशी टेंभुर्णीच्या शिवारात सलग आठ तास थ्री फेज होती. एकदा म्हणून वीज गेली नाही. निम्मं गाव तुझ्या मातीला आलं आणि निम्मं विहिरीवरच्या मोटारी चालू करायला पळालं. आता हे मी सांगतोय म्हटल्यावर तू आठातले चार तास सरळ कापशील, उरलेल्या चारांतले दोन माझ्या तोंडाचे धरशील आणि दोन तासांवर मान डोलावशील. चालेल. पण वीज होती. विजेची डीपी घुमत होती आणि आम्ही तुला तिच्या समोरूनच नेलं.

जालन्याच्या एका पेपरात चार ओळी आल्यात. 'ग्रामीण रॉक गायक' असं लिहिलंय. फोटो मात्र आधार कार्डावरचा. तुझ्या वडलांच्या, बापूंच्या दहाव्याला तू आयुष्यात एकदाच डोकं भादरलंस, नेमका त्या वेळचा. वहिनींनी पेपर हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हा कोण माणूस हाय? मी न्हाई वळखत याला."

म्हणून तुझ्या केसांचं इथं सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या पिढीला वाटेल टेंभुर्णीचा बद्री टकला होता. तुझे केस कमरेपर्यंत होते. एका उन्हाळ्यात त्यात बुलबुलाने घरटं केलं आणि तिन्ही पिल्लं उडून जाईपर्यंत तू मान वळवली नाहीस. दोन पिल्लं. बरं, एक. पण काड्या मी स्वतः वेचून काढल्यात, त्याला मी साक्षीदार आहे.

तुझी पहिली गिटार आठवते का? मोडक्या बैलगाडीच्या साटीच्या फळीचं अंग, आजीच्या बाजेच्या गातीची, म्हणजे कडेच्या दांडीची मान, आणि तारा तेवढ्या जालन्याहून आणलेल्या. वजन इतकं की तू ती गळ्यात घातलीस तेव्हा दोन बोटं जमिनीत रुतलास. बापू दारात बसून पाहत होते. त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि शांतपणे म्हणाले, "गळ्यात तिफण बांधली असती तर एवढ्यात दोन एकर पेरून झालं असतं."

तू म्हणालास, "बापू, हे बी पेरणंच हाय."

"उगवलं की सांग," बापू म्हणाले आणि उठून गेले. नंतर दहा वर्षं ते दर हंगामात विचारायचे, उगवलं का रे. त्या विचारण्यात राग कधी संपला आणि कौतुक कधी सुरू झालं, हे ना तुला कळलं, ना त्यांना.

तुझा पहिला श्रोतावर्ग म्हणजे आपल्या शेडनेटमध्ये मिरचीच्या प्लॉटवर क्रॉसिंगला येणाऱ्या बाया. बियाण्यासाठी एकेक फूल हातात घ्यायचं, चिमट्याने उकलायचं, दुसऱ्या फुलाची भुकटी त्याला लावायची, पुन्हा पुढचं फूल. सकाळभर तेच. तू कडेला खताच्या पोत्यावर बसून वाजवायचास. मी फवारणीचे निळे ड्रम उलटे घालून ठोकायचो, आणि झांजेच्या जागी ट्रॅक्टरच्या औताचा लोखंडी तवा. जनाबाई तर तोंडावरच म्हणायच्या, "बद्री, आज तुझी मशीन लई रडून राह्यली. तिला तेलपाणी दे." दुसरी म्हणायची, "ऱ्हाऊ द्या वो, रडली तरी हात जल्दी चालतात." मी तालुक्याला असं सांगितलंय की तुझ्या संगीतावर त्या वर्षी मिरचीचं बी दुप्पट निघालं. दुप्पट नव्हतं. पण बाया दुपारी घरी जायला उठत नव्हत्या, हे खरं आहे.

देवाची, प्रेमाची, पावसाची गाणी तू कधी केली नाहीस. तू चिमट्यावर गाणं केलंस. मोटारीच्या स्टार्टरवर केलंस. वाटूरच्या फाट्यावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर केलंस, ज्यात सगळं मिळून एकच ओळ होती, 'येईल, येईल, बस की जरा', आणि ती तू अकरा मिनिटं म्हणायचास. लग्नाच्या ऑर्डरी आल्या तर नको म्हणायचास. भजनाला चाल लावून दे म्हटलं तर म्हणायचास, "संताहिची चाल संताहिपाशी हाय, मी काहून हात लावू?" लोक चिडायचे आणि पुढच्या रविवारी बाजारात तुझ्याभोवती पुन्हा गोळा व्हायचे.

आणि तुझा सूर. त्यावरून आपण वीस वर्षं भांडलो आणि भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलास.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या शेडनेटला लागून डीपी आहे. दोन खांबांवरची ती विजेची पेटी, जिच्यावर शिवारातल्या सगळ्या विहिरी जगतात. वीज असली की ती घुमते. घूंऽऽ. एकच सूर, ना वर ना खाली. तुझ्याकडे सूर लावायला ना बाजाची पेटी होती ना यंत्र. तू डीपीकडे कान दिलास, गिटारीची तिसरी तार तिच्या घुमण्याला लावलीस आणि बाकीच्या पाच तिसरीवरून. झालं. तिकडे जालन्यात मस्तगडला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मुनीरभाईंनी तुला जुन्या सामानातून अँप्लिफायर करून दिला, तोही घुमायचा, तोच सूर. मुनीरभाई खजील होऊन म्हणाले, "ये घूं नई जाती बा. मैं भौत कोशिश किया." तू म्हणालास, "जात न्हाई ना? मंग गाण्यात घेऊ तिला." आणि घेतलीस. तुझ्या प्रत्येक गाण्याच्या तळाशी ती घूं बसलेली असायची आणि वरून तुझी गिटार तिच्याशी एकजीव.

अडचण एवढीच की डीपीचा तो सूर पेटीच्या पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत पडतो. म्हणजे जगातल्या कुठल्याच वाद्याबरोबर तुझी गिटार जमत नव्हती. मी म्हणायचो, "बद्री, थोडी उतरव. चार लोकांच्या सुरात ये." तू हसायचास. "कैलास, ही डीपी टेंभुर्णीत जे म्हणती तेच वाटूरला म्हणती, तेच दिल्लीला म्हणती. साऱ्या देशाचा सूर एक हाय. पेट्या तेवढ्या येगळ्या बनल्या."

 

आता पुण्याच्या त्या स्पर्धेचं.

पुण्यात काय झालं हे जाफराबाद तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण मी ते बारा प्रकारांनी सांगितलंय. एकात तुझ्या पहिल्याच झंकाराने मैदानाचा ट्रान्सफॉर्मर फुटतो. एकात परीक्षक खुर्चीसकट मागे पडतात आणि शुद्धीवर आल्यावर आधी आईचं नाव घेतात. एकात तार तुटून माइकची मान उडते. पाच प्रकारांत मुनीरभाईंच्या अँप्लिफायरचा डबा जळतो, धूर निघतो, पळापळ होते. लोक हसतात. तूही शेजारी बसून ऐकायचास, कधी अडवलं नाहीस. फक्त शेवटी म्हणायचास, "आज धूर लई झाला."

तेरावा प्रकार मी कुणाला सांगितलेला नाही. तुलाही नाही.

स्पर्धा एका कॉलेजच्या मैदानावर होती. सकाळी सगळ्यांनी आवाज तपासून घेतला. तू तीन तारा छेडल्यास आणि आयोजकांच्या कीबोर्डवाल्या पोराने मान वर केली. "काका, तुमची गिटार बेसूर आहे," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, मदत म्हणून. मागे रांगेतले दोघं-तिघं हसले. तू म्हणालास, "तिचा सूर बराबर हाय. तुमच्यात बसत न्हाई एवढंच." आणि ते आणखी हसले.

मी त्या वेळी तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं. मी आयुष्यात कधी गप्प बसलो नाही, मेलेल्या माणसाला उठवून चहा पाजेन इतकं बोलतो. तिथे मात्र मी माझ्या निळ्या ड्रमांकडे पाहत राहिलो. त्यांच्यावर फवारणीच्या औषधाचं लेबल अजून तसंच होतं, ते मी नखाने खरवडायला लागलो.

दुपारी आपला नंबर यायच्या आधी तू तोंड धुवायला नळावर गेलास. मी त्या पोराकडून सूर लावायचं छोटं यंत्र मागून आणलं, गिटारीच्या मानेला चिमटवलं आणि साही तारा उतरवल्या. त्यांच्या सुरात. एकेका तारेला हिरवा दिवा लागेपर्यंत. पाच मिनिटं लागली. स्वतःशी म्हणालो, बद्रीच्या भल्यासाठी करून राह्यलो. वीस वर्षं तेच म्हणत आलोय. पण भलंबिलं काही नव्हतं, बद्री. मला तुझी लाज वाटली होती.

तू स्टेजवर आलास. मुनीरभाईंनी डबा चालू केला. डबा तर त्याचा तोच म्हणणार, घूंऽऽ. तू झंकार मारलास आणि गिटार दुसरंच काही म्हणाली. तुझी तार आणि डब्याची घूं एकमेकींच्या झिंज्या उपटायला लागल्या. वँव, वँव, वँव, वँव. मी सूर दुरुस्त केला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा तू खरोखर बेसूर झालास.

तू तारांकडे पाहिलंस. मग डब्याकडे. माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी त्याची वाट पाहत होतो, काठ्या हातात धरून. तू वाकून डबा बंद केलास, गिटार खाली ठेवलीस आणि नुसत्या गळ्याने गायला लागलास. 'येईल, येईल, बस की जरा.' माइक डब्यालाच जोडलेला होता, त्यामुळे तिसऱ्या रांगेच्या पुढे कुणाला काही ऐकू गेलं नाही. पाठीमागच्यांना वाटलं, माणूस उभ्याउभ्या घास चावतोय. आपण शेवटून पहिले आलो.

परतीच्या एसटीत तू गिटार मांडीवर घेऊन बसलास आणि गाडीच्या धडधडीत कान तारेला लावून एकेक खुंटी पिळत राहिलास. मी झोपेचं सोंग घेतलं. नगरला गाडी थांबली तेव्हा तू मला हलवलंस आणि म्हणालास, "ऊठ, चहा घे. मुनीरभाईचा डबा तापला असंल रे उन्हानं." बस. त्यावर पुन्हा कधी शब्द नाही.

आणि त्यानंतर तू जिल्ह्याबाहेर वाजवायला गेला नाहीस. बोलावणी आली. दोनदा पुण्याहून, एकदा नागपूरहून, एकदा पार बंगलोरहून. ही संख्या मी वाढवलेली नाही. तू प्रत्येकाला नको म्हणालास. गाव म्हणायचं, बद्री हट्टी. मी सगळ्यात मोठ्याने म्हणायचो, बद्री हट्टी. आणि दर वेळी आतून वाटायचं की दार मी बंद केलं आणि कडीचा आळ तुझ्यावर.

गेल्या वर्षी लकव्याच्या पहिल्या झटक्यात तुझा डावा हात गेला. आठ महिने गिटार खुंटीला टांगलेली. मी रोज यायचो, रोज ठरवून यायचो की आज सांगायचंच, आणि येऊन तुला नवीन काहीतरी ऐकवून हसवून जायचो. तुझं अर्धंच तोंड हसायचं. मला वाटायचं, अर्धं तर अर्धं. पुढच्या आठवड्यात सांगू. आणि मग तो दुसरा झटका आला.

परवा तुझ्या दहाव्याला मारुतीच्या पारापाशी चार माणसं बोलली. सरपंच बोलले. जालन्याहून कॉलेजच्या तीन पोरी आल्या होत्या, त्यांनी म्हणे स्वतःचा ग्रुप काढलाय आणि त्यांची गिटारही डीपीवर लावतात, त्यांच्या गल्लीतल्या. ते ऐकून मला बापूंची आठवण झाली. उगवलं, बापू.

मग मला उभं केलं. मागून कुणीतरी ओरडलं, "कैलासराव, पुण्याचं सांगा." आणि मी, बद्री, तुझ्या दहाव्याला, तुझ्या फोटोसमोर उभा राहून, डबा जळाल्याचं सांगितलं. धुरासकट. तोंडाला सवय झालीय, ते मला विचारत नाही. लोक हसता हसता डोळे पुसत होते. मुनीरभाई पहिल्या रांगेत होते. आता पाठीत वाकलेत. खाली उतरल्यावर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "हर बार मेरा डब्बाच जलता क्या, कैलासभाई?"

त्या एका वाक्यानंतर मला जेवण गेलं नाही. आणि माझ्याबद्दल हे विधान किती गंभीर आहे ते तुला कळेल.

सगळे पांगल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. गिटार कापडात गुंडाळून ठेवली होती.

"भाऊजी, हे म्हणून गेले, ही तुमाला द्यायची."

"मला काय येतं तिच्यातलं? मी ड्रमवाला."

"ते मला न्हाई ठावं. अन् एक निरोप हाय. म्हणले, पडून पडून तारा उतरल्या असतील. कैलासला म्हणावं, या बारीला बराबर लाव."

 या बारीला.

"वहिनी, त्याला माहीत होतं?"

"लग्नाच्या पहिल्याच साली सांगितलं मला. हिरव्या दिव्याची मशीन नळावरून दिसली म्हणले."

"मंग मला बोलला काहून न्हाई?"

वहिनी गिटारीवरचं कापड सारखं करत होत्या. "मी इचारलं तसं. म्हणले, त्याला लाज वाटली, त्यात त्याची काय चूक? मला बी वाटली व्हती थोडीशी." मग म्हणाल्या, "तुमी नवी थाप सांगून गेले की मला सांगायचे, आज सातवी झाली, आज आठवी झाली. म्हणायचे, एक दिवस हा खरं सांगायला यील. आला की चहाला जरा जास्त साखर टाक, त्याच्यानं एका दमात सांगणं व्हायचं न्हाई."

म्हणजे वीस वर्षं मी थापा मारत होतो आणि तू मोजत बसला होतास. आणि मी झोपेचं सोंग घेतलेल्या त्या एसटीत तू मला उठवून चहा पाजलास, सगळं माहीत असताना.

मी शेवटचं विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "मंग तो बाहेर काहून गेला न्हाई, वहिनी? माझ्यामुळं?"

"न्हाई वो. ते बी इचारलं व्हतं मी. म्हणले, माझी डीपी इथं हाय, मी कुठं जाऊ?"

वहिनींचा त्यावर विश्वास आहे. मी मान हलवली, चहा प्यालो, जास्त साखरेचा. पण बद्री, डीपी दिल्लीलाही तेच म्हणते, असं मला वीस वर्षं कोण ऐकवत होतं? एसटीतला तापलेला डबा सोडला, तर तू उभ्या जन्मात एकच थाप मारलीस आणि ती माझ्यासाठी मारलीस. इतकी साधी की कुणाला शंका येऊ नये. मी बारा थापांत जे झाकू शकलो नाही, ते तू चार शब्दांत झाकून गेलास. कारागीर तूच, मी नुसता तोंडाळ.

दुसऱ्या दिवशी मी मस्तगडला गेलो आणि मुनीरभाईंना दुकानातच सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.  मग म्हणाले, "बीस साल मैं हर अँप्लिफायर दो दो बार खोल के देखा. सोचा, मेरे हाथ में खोट है." मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, पण हसलेही नाहीत. हसावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच दुकानाचं शटर ओढलं. "चलो," म्हणाले, "लगाना तो पडेंगाच."

आज सकाळी दहाला थ्री फेज आली. मी गिटार गळ्यात घालून डीपीच्या समोर उभा राहिलो. मुनीरभाई बांधावर बसले. जनाबाई क्रॉसिंगला चालल्या होत्या, त्या थबकल्या.

"काय करून राह्यले, कैलासराव?"

"बद्रीची गिटार लावून राह्यलो."

"तुमाला येती का?"

"न्हाई."

त्या उभ्याच राहिल्या. हातातला चिमटा तसाच.

मी तिसरी तार छेडली. वँव, वँव, वँव. तेच, पुण्यातलं. खुंटी थोडी पिळली, झोके लांबले. वँऽऽव, वँऽऽव. मुनीरभाई मान खाली घालून ऐकत होते. "और," म्हणाले. आणखी थोडी पिळली. "और." पुन्हा पिळली. झोका आणखी लांबला, मग एवढा लांबला की परत आलाच नाही.

मुनीरभाई म्हणाले, "बस."

तार कुठली आणि डीपी कुठली, वेगळं ऐकू येत नव्हतं. जनाबाईंनी पदर सावरला आणि शेडनेटकडे निघून गेल्या. मग मी बाकीच्या पाच तारा लावल्या.

यात मी काही वाढवलेलं नाही.